शाळेची सुट्टी, दोन नोकऱ्या आणि दहा वर्षांची ताई: एका घराचा प्रकरण अभ्यास

आई रुग्णालयात परिचारिका, तिन्ही पाळ्यांत ड्युटी. वडील एका कंपनीच्या हिशेब विभागात. साडेआठला घर सोडतात, परतायला सात वाजतात. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. वडिलांची आई त्याच शहरात, पण वेगळी राहते आणि गुडघ्यांनी बेजार आहे. शाळा चालू असते तेव्हा या घराची घडी नीट बसलेली असते: शाळा, शाळेनंतर पाळणाघर, मग दोघांपैकी जो आधी मोकळा होईल तो मुलांना घेऊन येणार. वार्षिक सुट्टी सात आठवड्यांची. शाळा बंद झाली की सगळंच विस्कटतं, कारण त्यांचं पाळणाघर शाळेच्या वयाची मुलं फक्त शाळेनंतरच्या वेळेपुरती घेतं. दिवसभरासाठी तिथे जागा असते ती लहान बाळांना.

नोकरदार पालकांना अशा वेळी मार्ग काढायला मदत करणं हे माझं काम. हे दोघं माझ्याकडे आले तेव्हा सुट्टी लागायला दोन महिने होते, म्हणजे बऱ्याच पालकांच्या मानाने ते लवकर आले होते. मागणी एकाच वाक्याची होती: "सुट्टीभर मुलांना ठेवता येईल असं एखादं चांगलं ठिकाण सांगा." ओळख पटू नये म्हणून घराचे काही तपशील मी बदलले आहेत. गणित मात्र तसंच ठेवलं आहे, कारण या प्रकरणात शिकण्यासारखं बरंचसं त्या गणितातच आहे.

आधी हे सांगायला हवं की हा पेच या दोघांच्या नियोजनातल्या ढिलाईचा नव्हता. शाळेचं वर्ष आणि नोकरीचं वर्ष वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळी आखलं, आणि त्या दोन्हींचा मेळ घालायचं काम कुणाकडेच दिलं नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1970 चा पगारी रजेचा करार वर्षाला किमान तीन कामाच्या आठवड्यांची रजा सांगतो. आई-वडिलांनी एकही दिवस एकत्र न घेता, पाळीपाळीने रजा घेतली तरी या हिशेबाने सहा आठवडे होतात. शाळांची नुसती उन्हाळी सुट्टीच जर्मनीत साधारण सहा आठवड्यांची आणि इटलीत बारा आठवड्यांहून मोठी असते. वर्षातल्या बाकीच्या सुट्ट्या वेगळ्याच. म्हणजे सगळी रजा मुलांवर घालवली, आजारपणाला एक दिवस ठेवला नाही, नवरा-बायको वर्षभर एकमेकांच्या वाट्याला आलेच नाहीत, तरी हिशेब जुळत नाही. एकटीने किंवा एकट्याने मूल वाढवणाऱ्यांचं तर विचारायलाच नको.

काही देशांनी ही जबाबदारी घरावर न टाकता अंगावर घेतली आहे. स्वीडनमध्ये शाळांना जोडलेली 'फ्रितिड्सहेम' नावाची केंद्रं आहेत. शाळेआधी, शाळेनंतर आणि सुट्टीतही ती बाराएक वर्षांपर्यंतच्या मुलांना सांभाळतात. जर्मनीने 2021 मध्ये कायदा केला. त्यानुसार प्राथमिक शाळेतल्या मुलांना कामाच्या दिवशी आठ तासांच्या देखरेखीचा हक्क मिळतो. त्याची सुरुवात ऑगस्ट 2026 पासून पहिलीच्या वर्गाने होते आणि पुढे दरवर्षी एकेक इयत्ता जोडली जाते. यात सुट्टीचे दिवसही धरलेले आहेत. केंद्रं बंद ठेवायची मुभा वर्षाला जास्तीत जास्त चार आठवडे. हे मी त्या दोघांनाही सांगितलं. त्याचा त्यांना त्या वर्षी काडीचा उपयोग नव्हता. पण "आम्हालाच कसं जमत नाही" हे जे ओझं घेऊन ते आले होते, ते थोडं उतरावं असं मला मनापासून वाटत होतं.

मग कागद काढला. सात आठवडे म्हणजे कामाचे 35 दिवस. वडिलांना शनिवार-रविवार सुट्टी, त्यामुळे ते दिवस बाजूला. प्रत्येक दिवसाचे दोन भाग केले: सकाळपासून एकपर्यंत आणि एकपासून सातपर्यंत. एकूण 70 रकाने. दर रकान्यात लिहायची एकच गोष्ट: त्या वेळी मुलांची जबाबदारी ज्याच्यावर आहे अशा मोठ्या माणसाचं नाव. ठिकाणाचं नाव नाही, माणसाचं.

तक्ता त्यांनी घरी जाऊन भरायचा होता. आईने वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरना सांगून सुट्टीच्या सात आठवड्यांचं रोस्टर आधी मागून घेतलं. ते सहज मिळालं, फक्त याआधी कुणी मागितलंच नव्हतं. त्या 35 दिवसांत तिच्या 12 मॉर्निंग होत्या, 8 इव्हिनिंग, 6 नाईट आणि 9 ऑफ. मॉर्निंगला ती चारच्या सुमाराला घरी पोचते, म्हणून दोन्ही रकाने उघडे; इव्हिनिंगला दुपारचा एक. त्यांच्या हिशेबाने 32 रकाने उघडे राहत होते. त्यातल्या थोड्या ठिकाणी 'शिबिर?' लिहिलं होतं, थोड्या ठिकाणी 'आजी', आणि बऱ्याच ठिकाणी 'मुलं घरी'.

दोन गोष्टी तिथेच थांबून पाहिल्या.

पहिली, नाईटनंतरची सकाळ. त्या सहाही सकाळच्या रकान्यांत 'आई' असं लिहिलेलं होतं. आई घरी असणार होती हे खरंच. पण रात्रभर वॉर्डात उभी राहून आठ वाजता घरी आलेलं माणूस नऊपासून एकपर्यंत काय करतं? झोपतं, आणि झोपायलाच हवं. दुसऱ्या रात्री तिला पुन्हा कुणाला तरी मोजून-मापून औषध द्यायचं असतं. ती म्हणाली, "मी दार लोटून झोपते, काही लागलं तर ते उठवतात मला." मी विचारलं, सहा वर्षांच्या मुलाला काही लागलं हे त्याला स्वतःला वेळेवर कळतं का. ती काही बोलली नाही. ते सहा रकाने तिनेच खोडले. उघडे रकाने 38 झाले.

वडिलांच्या बाजूनेही असंच एक निघालं. आठवड्यातून एखादा दिवस घरून काम करायची त्यांना परवानगी होती, आणि काही उघड्या रकान्यांवर उपाय म्हणून त्यांनी ते दिवस धरले होते. घरून काम म्हणजे कामच. बैठकीत बोलत असताना, आकडे जुळवत असताना मुलांकडे अर्धं लक्ष राहतं, कामाकडेही अर्धंच. दहा-बारा वर्षांपुढचं मूल आपापलं रमत असेल तर तेवढं चालून जातं. सहा वर्षांच्या मुलाला ते पुरत नाही, आणि बापाची संध्याकाळपर्यंत चिडचिड होते ती वेगळीच. ते दिवस आम्ही तक्त्यातून काढले. अडीअडचणीला असू देत म्हणून नुसती खूण करून ठेवली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि हे प्रकरण लिहायला घेतलं ते तिच्यासाठीच. 'मुलं घरी' असं लिहिलेल्या रकान्यांत मोठं माणूस कोण? मी विचारलं तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग वडील म्हणाले, "ती समजूतदार आहे हो. त्याच्याकडे बघते ती."

ती म्हणजे दहा वर्षांची ताई.

पुढच्या भेटीला मी मुलीलाही बोलावलं. सुट्टीत तुला काय करायला आवडेल, एवढाच प्रश्न होता. चित्रकला, पोहणं, मैत्रिणीकडे राहायला जाणं, काहीही आलं असतं. तिने आधी विचारलं, "मग त्याला कोण बघणार?" मी म्हटलं, त्याची काळजी तू करू नकोस, तुझं सांग. ती बराच वेळ विचार करत राहिली. मग सांगू लागली: तो दुपारी झोपत नाही, दाराची कडी त्याचा हात पुरू नये म्हणून तीच वर लावते, स्वयंपाकघरात त्याला येऊ देत नाही, आणि मागच्या सुट्टीत तो पलंगावरून पडला तेव्हा आईला फोन लावला तर आई ऑपरेशनमध्ये होती, म्हणून तिने बाबांना लावला. हे सगळं अगदी सरळ आवाजात, कामाचा अहवाल द्यावा तसं. तक्रार कुठेच नव्हती. तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या आवाजामुळे असावं.

इथे मला ठाम मत मांडायचं आहे. थोरल्या भावंडाने धाकट्याकडे लक्ष देणं, त्याला खेळवणं, हात धरून रस्ता ओलांडणं यात वावगं काही नाही; त्यातूनच जिव्हाळा वाढतो. पण मोठं माणूस घरात असताना मदत करणं आणि मोठं माणूस नसताना जबाबदार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी दहा वर्षं हे वय नाही. ब्रिटनमधल्या कायद्यात मूल घरी एकटं ठेवण्याचं ठरावीक वय दिलेलं नाही, पण तिथली बालसंरक्षणात काम करणारी एनएसपीसीसी ही संस्था सांगते की बारा वर्षांखालची मुलं संकटाच्या वेळी पुरेशा शहाणपणाने वागू शकतील असं क्वचितच असतं, आणि त्यांना फार वेळ एकटं सोडू नये. हा सल्ला एकट्या मुलासाठी आहे. इथे तर त्या मुलीच्या हाताला दुसरं मूल बांधलं होतं. आणि हे काम जवळजवळ नेहमी मुलीच्या वाट्याला येतं. थोरला मुलगा असता तर त्याला 'समजूतदार' म्हणून तक्त्यात धरलं असतं का, हा प्रश्न मी त्या दोघांना विचारला आणि प्रत्येक घराला विचारते.

त्या दिवसापासून तक्त्याचा नियम पक्का झाला: मुलीचं नाव कुठल्याही रकान्यात येणार नाही, आणि 'घरी' हे उत्तर चालणार नाही.

38 रकाने एका ठिकाणी बसवायचे म्हटलं की माणूस हताश होतो. पण ते वेगवेगळ्या जातीचे होते. मॉर्निंगच्या दिवशी पूर्ण दिवस लागत होता, इव्हिनिंगला फक्त दुपार, नाईटनंतर फक्त सकाळ. प्रत्येकाला वेगळा उपाय लागतो, आणि एकेक उपाय छोटा असल्यामुळे तो मागायलाही सोपा जातो. "सात आठवडे मुलांना सांभाळाल का" याला कुणीच हो म्हणणार नाही. "या चार तारखांना दुपारी एक ते सात" याला लोक डायरी काढून बघतात.

सुरुवात नोकऱ्यांपासून केली. सहसा पालक तिकडे सगळ्यात शेवटी वळतात, बाकी सगळे उपाय थकले की, आणि तोवर रोस्टर लागलेलं असतं, बाकीच्यांनी रजा टाकलेल्या असतात. शिवाय या घरात एक जुना हिशेब उघड व्हायला हवा होता. आईची रजा जवळपास संपलेली होती. का संपली? वर्षभरात मुलं आजारी पडली ते दिवस, शाळेने अर्ध्यातून पाठवलं ते दिवस, पालकसभा, दाताचे डॉक्टर, सगळं तिच्या रजेतून गेलं होतं. शाळेत पहिला फोन नंबर तिचा, म्हणून पहिला फोन तिला. वडिलांची रजा शिल्लक होती, आणि ती 'पुढे लागेल' म्हणून ठेवली होती. पुढे म्हणजे कधी, हे त्यांनी त्या बैठकीत स्वतःच स्वतःला विचारलं, ते बरं झालं.

त्यांनी पाच पूर्ण दिवसांची रजा टाकली, पाचही आईच्या मॉर्निंगच्या दिवशी, कारण तिथे एका रजेत दोन रकाने भरतात. चार अर्ध्या दिवसांच्या रजा इव्हिनिंगच्या दुपारी. आणि एक दिवस राखीव: तक्त्यात कुठेच न लावलेला, आजारपणासाठी. हा राखीव दिवस सोडायला ते तयार नव्हते. एक रकाना उघडा दिसत असताना हातातली रजा मोकळी ठेवायची हे मनाला पटत नाही. मी हट्ट धरला. दोन लहान मुलं सात आठवडे ठणठणीत राहतील यावर योजना उभी करता येत नाही.

आईने इनचार्ज सिस्टरकडे रजा मागितली नाही, ती मिळणारही नव्हती. तिने तीन मॉर्निंगच्या जागी इव्हिनिंग मागितल्या. मॉर्निंगला दोन रकाने उघडतात, इव्हिनिंगला एक, म्हणून एवढ्या अदलाबदलीने तीन रकाने कमी झाले. वॉर्डला माणसं तेवढीच मिळत होती, आणि इव्हिनिंग नको असलेल्या दोघी-तिघी सहकारी होत्याच. मागणी लेखी दिली, तारखा देऊन. "मुलांमुळे अडचण आहे, जरा बघा ना" असं तोंडी बोललं की समोरच्यालाही कळत नाही नेमकं काय करायचं ते. तारखांसह लेखी मागणी आली की हो किंवा नाही, उत्तर द्यावंच लागतं. युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशाने किमान आठ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पालकांना कामाच्या वेळा बदलून मागायचा हक्क दिला आणि मालकाने मुदतीत उत्तर द्यावं, नाकारलं तर कारण द्यावं, असं घातलं. कौटुंबिक जबाबदारी असलेल्या कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार तर 1981 चा. हक्क नसेल तिथेही मागणी करता येते, आणि ती लवकर, लेखी आणि छोटी असली की मान्य व्हायची शक्यता वाढते हा माझा अनुभव आहे.

एवढ्यावर 38 चे 21 रकाने राहिले. एकही नवं ठिकाण अजून शोधलं नव्हतं.

आता शिबिरं. दोन महिने आधी निघाल्यामुळे निवडीला वाव होता. पहिल्या शिबिराचं पत्रक देखणं होतं, 'पूर्ण दिवस' असं ठळक छापलेलं. फोन करून वेळ विचारली तर दहा ते साडेतीन. आईची मॉर्निंग असताना वडील साडेआठला निघणार आणि ती स्वतः चारच्या सुमाराला घरी पोचणार. म्हणजे सकाळी दीड तास आणि दुपारी अर्धा तास पुन्हा ताईच्याच गळ्यात. ते शिबिर सोडलं. दुसरं आठला उघडत होतं, मुख्य कार्यक्रम साडेतीनपर्यंत, आणि जादा शुल्क भरून साडेसहापर्यंत मुलं ठेवता येत होती. साडेसहाला पोचायचं तर वडिलांना कार्यालयातून अर्धा तास आधी निघावं लागणार होतं. तेवढं त्यांनी सकाळी लवकर जाऊन भरून काढायचं ठरवलं.

पैसे भरण्याआधी दोघं जागा बघायला गेले. चालू शिबिर बघायला मिळालं नाही, पण तिथेच शनिवारी छंदवर्ग चालतो, तो बघितला. किती मुलांमागे किती मोठी माणसं हे विचारलंच, पण मोजूनही पाहिलं. अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं मानक दिवसभराच्या शिबिरासाठी 6 ते 8 वर्षांच्या आठ मुलांमागे एक आणि 9 ते 14 वर्षांच्या दहा मुलांमागे एक देखरेख करणारी व्यक्ती सांगतं. ते सगळीकडे बंधनकारक नसलं तरी डोळ्यासमोर ठेवायला चांगलं. मोजताना एक लक्षात ठेवावं: नाव नोंदवणारी, हिशेब बघणारी, फोन घेणारी व्यक्ती या मोजणीत येत नाही. आणि देखरेख करणारे स्वतः किती वर्षांचे, तेही बघावं.

त्या शिबिरात पोहण्याचं सत्र होतं. जगभर 5 ते 14 वयोगटातल्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत बुडणं मोडतं, म्हणून इथे संकोच ठेवायचा नाही. पाण्यात शिकवणारा आणि काठावर फक्त बघणारा, अशी दोन वेगळी माणसं आहेत का? शिकवणाऱ्याचं लक्ष एका मुलाच्या हातापायांकडे असतं. सगळ्यांची डोकी मोजणारं कुणीतरी काठावर लागतंच. उत्तर गुळमुळीत आलं. आई-वडिलांनी दोन्ही मुलांची नावं पोहण्याच्या सत्रातून काढायला सांगितली आणि त्या वेळात मुलं कुठे, कुणाजवळ बसतील ते ठरवून घेतलं. मुलगी हिरमुसली. तिला नंतर वेगळ्या ठिकाणी, आठवड्याच्या शेवटी बाबांबरोबर पोहायला न्यायचं ठरलं आणि ते पाळलंही गेलं.

मुलांना न्यायला कोण येणार याची यादी शिबिराकडे दिली: चार नावं, आणि यादीबाहेरचं कुणीही आलं तर मूल सोडायचं नाही, फोन करायचा. मुलाच्या अंगावर कधी गांध्या उठतात, त्याचं औषध आणि ते कधी द्यायचं याची चिठ्ठी वेगळी. मारलं, ओरडलं, कुणी नको तिथे हात लावला तर घरी येऊन सांगायचं, आम्ही रागावणार नाही, हे दोन्ही मुलांशी आधी बोलून झालं. हे बोलणं एकदाच गंभीर चेहऱ्याने केलं की मुलं घाबरतात. रोज घरी आल्यावर "आज काय आवडलं, काय नाही आवडलं" एवढं विचारण्याची सवय जास्त कामी येते.

शिबिर दोनच आठवड्यांसाठी घेतलं, उरलेल्या चारही मॉर्निंग ज्यांत एकवटल्या होत्या असे दोन. त्या आठवड्यांतले तीन इव्हिनिंगचे आणि तीन नाईटनंतरचे रकानेही त्यातच भरले. राहिले सात: चार दुपारी, तीन सकाळी.

सकाळी आजीच्या. आजीबद्दल दोघांनीही परस्पर गृहीत धरलं होतं, तिला विचारलं कुणीच नव्हतं. मी सांगितलं, तक्ता घेऊन जा आणि विचारा. वडिलांनी तिला विचारलं, "आई, या तीन सकाळी मुलं तुझ्याकडे सोडली तर चालेल का?" तिने तक्ता हातात घेऊन नीट वाचला. मग तिच्या अटी आल्या. एकपर्यंतच, त्यानंतर तिला पडावं लागतं. लागोपाठ तिसरा दिवस नको, "तिसऱ्या दिवशी माझं मलाच उठवत नाही." खाली मैदानात ती नेणार नाही, कारण धाकटा पळाला तर तिला धावता येत नाही. आणि सोडायला येणाऱ्याने दोन मिनिटं तरी बसायचं, दारातून परत फिरायचं नाही. सगळ्या अटी रास्त होत्या, आणि त्या बोलल्या गेल्यामुळेच तिने त्या सकाळी आनंदाने सांभाळल्या असं मला वाटतं. आजी-आजोबा नाही म्हणत नाहीत याचा अर्थ त्यांना झेपतं असा घेऊ नये.

चार दुपारी मुलीच्या वर्गमैत्रिणीच्या घरी गेल्या. तिची आई दुपारनंतर घरी असते, आणि तिलाही काही दिवस अडचणीचे होतेच. चाराला चार अशी अदलाबदल ठरली: यांच्या ऑफच्या चार दिवशी ती मैत्रीण इकडे. मुलांनी कुठे जायचं नाही, पडद्यासमोर किती वेळ, काही झालं तर आधी कुणाला फोन, हे दोन्ही घरांनी बसून ठरवलं. पैशांचा प्रश्न आला नाही, पण परतफेड ठरलेली असल्यामुळे उपकाराचं ओझंही आलं नाही. किंमत मोजली ती आईच्या ऑफने. ऑफ म्हणजे तिच्या झोपेचा, कपड्यांचा, स्वतःच्या डॉक्टरचा दिवस, आणि त्यातले चार तीन मुलांमागे गेले. तक्त्यात तो रकाना भरलेला दिसतो. तिथे कुणाचा थकवा आहे ते दिसत नाही. पुढच्या वेळी यातले दोन तरी वडिलांनी शनिवारी घ्यावेत असं मी सुचवलं आहे.

घरी येऊन सांभाळणाऱ्या बाई ठेवायचाही विचार झाला होता. अनोळखी व्यक्तीवर लहान मुलं सोपवायची तर आधीच्या घरी चौकशी, ओळखीची कागदपत्रं, आणि आपण घरात असताना तिच्याबरोबरचे काही दिवस, एवढं लागतं. तेवढा वेळ हाताशी असूनही दोघांचं मन घेत नव्हतं, आणि मन घेत नसताना मी कुणाला पुढे ढकलत नाही.

सुट्टी लागली. पहिले तीन आठवडे तक्त्याप्रमाणे गेले. शिबिराच्या दुसऱ्या आठवड्यात धाकट्याला ताप आला, नेमका मॉर्निंगच्या दिवशी. ताप असलेलं मूल शिबिर घेत नाही, आणि घेऊही नये. वडिलांनी राखीव दिवस वापरला. सकाळी सहा वाजता कुणी कुणाला कामावर जाऊ द्यायचं यावरून जे भांडण दरवेळी व्हायचं ते या वेळी झालं नाही. दुसऱ्या दिवशी आई नाईट करून आली होती. आजी स्वतःहून घरी येऊन बसली आणि आई आत झोपली. ताई दोन्ही दिवस शिबिराला गेली. तिने सकाळी विचारलं होतं, "मी थांबू का?" वडिलांनी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, "तू जा. मी आहे ना."

सुट्टी संपल्यावर तिघं पुन्हा आली. मुलगी म्हणाली, शिबिरात सुरुवातीला तिचं लक्ष सारखं धाकट्याच्या गटाकडे जायचं; मग तिथल्या ताईंनी सांगितलं की त्याला बघायला आम्ही आहोत, आणि मग ती नाटकाच्या गटात गेली. शिबिराचा खर्च घराला जाणवला, त्यातले जादा वेळेचे पैसे विशेष. वडिलांकडे वर्षअखेरीसाठी दोनच रजा उरल्या. शाळेतल्या संपर्काच्या अर्जावर पहिला नंबर आता वडिलांचा आहे. पहिल्याच आठवड्यात शाळेतून दोन फोन आले आणि त्यांनी ते बैठकीतून उठून घेतले.

पुढची सुट्टी दहा दिवसांची आहे. तोवर आजीच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, म्हणून तिचं नाव या वेळी धरलेलं नाही. उलट तिच्याकडे कुणी थांबायचं यासाठी तक्त्याला तिसरा रकाना जोडला आहे. मैत्रिणीच्या घराशी बोलणं झालं आहे, रोस्टर मागवलं आहे, आणि तीन सकाळी अजून उघड्या आहेत.